शेवट सोडून सगळं

११ जानेवारी

चि. खारू,

पोटभर आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार, आणि पिल्लूच्या दोन्ही गालांना माझ्या वतीने एकेक चिमटा काढ, हळूच. तुझं पत्र मिळालं. इकडे सगळं ठीक.

तू विचारलंस, "बाबा, तुम्ही आणि सिनेमा? नाव निघताच ज्यांना जांभई यायची ते तुम्हीच ना?" अगं, मीच तो. पण रिकाम्या माणसाने करायचं काय? उभा जन्म लिफ्टच्या खड्ड्यात आणि मोटारीच्या खोलीत वंगण चोपडण्यात गेला. आता कोणाची लिफ्ट अडकली तर दुसऱ्याला बोलावतात. आईने या वयात शिवणाचा वर्ग लावलाय. आठवड्यातून तीन दुपारी तिला पोचवायचं आणि परत आणायचं, ही माझी नवी नोकरी. वर्ग चांगला लांबलचक असतो. तोवर मी काय फुटपाथवर उभा राहून कावळे मोजू? समोरच एक टॉकीज आहे. खुर्च्यांच्या स्प्रिंगा जागोजाग टोचतात, पण पंखे चालू असतात आणि दुपारी गर्दी नसते. बॅटरी दाखवून जागेवर बसवणारा म्हातारा आता मला ओळखतो. बॅटरी न लावताच "या मेकॅनिकसाहेब" म्हणतो, आणि मी दोनदा कोणाच्या तरी मांडीवर बसता बसता वाचलोय.

तर आता माझी मतं ऐक. फुकटची आहेत, तेव्हा तक्रार चालणार नाही.

पहिला दरोड्याचा. सात-आठ गुंड मिळून एका मोठ्या इमारतीवर डल्ला मारतात. मारामारी बरी होती. पण त्यांचा म्होरक्या लिफ्टमध्ये शिरतो, वरून कोणीतरी गोळी झाडतो, दोर तुटतो आणि लिफ्ट दाणकन खाली! मी भर अंधारात ओरडलो, "अहो, एक दोर नसतो!" पुढच्या माणसाने वळून बघितलं. मी त्याला समजावलं की दोर अनेक असतात, आणि सगळे तुटले तरी खालची पकड रुळाला दात लावून बसते. तो म्हणाला, "काका, मला सिनेमा बघू द्या." लोकांना ज्ञान नकोच असतं.

दुसरा मात्र मनात घर करून बसलाय. एक म्हातारा नावाडी. धाकटा भाऊ भांडून घरातून गेलेला. हा नाव घेऊन गावोगाव त्याला शोधत फिरतो, बस्स. नाच नाही, गाणं नाही, खलनायक नाही. मला वाटलं आपला डोळा लागणार. पण खारू, तो नावाडी प्रत्येक काठावर उतरून आधी चपला झटकतो आणि मग भावाची चौकशी करतो. त्या चपला झटकण्यात काय होतं कोण जाणे, मी झोपलो नाही. शेवटी भाऊ सापडतो. दोघं नावेत बसून जेवतात. कोणी माफी मागत नाही. धाकटा पहिला घास घेतो आणि म्हणतो, "मीठ कमी आहे." संपला सिनेमा.

खालची जागा नेहमीप्रमाणे आईसाठी सोडतो.

तुझा,
बाबा

*खारू बाळा, यांचं काही खरं मानू नकोस, निम्मा सिनेमा घोरतच असतील. पण नावाड्याची गोष्ट मलाही फार आवडली. मी परत परत सांगायला लावली. इतकी वर्षं शोधलं आणि म्हणतो काय, तर मीठ कमी! सख्खे भाऊ असेच. पिल्लूला उन्हात नेत जा. — आई*

३ फेब्रुवारी

चि. खारू,

आशीर्वाद. तू मला तोंडघशी पाडलंस, पण तो राग बाजूला ठेवून लिहितोय.

तुझं पत्र आई मोठ्याने वाचते हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. तू वसतिगृहात गेलीस तेव्हापासूनचा आपला रिवाज: तुझं पत्र ती वाचणार, उत्तर मी लिहिणार, आणि ते नीट तपासून खाली दोन ओळी ती घालणार. तरी तू बेधडक लिहिलंस, "बाबा, तो नावाड्याचा सिनेमा आम्हीही पाहिला. भाऊ कुठे भेटतो? नावाडी पोचतो तेव्हा घराला कुलूप असतं, शेजारीण सांगते की तुम्ही उशीर केलात." आई थांबली. चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "दूध उतू जातंय वाटतं," आणि स्वयंपाकघरात गेलो. गॅसवर काहीच नव्हतं.

आधी मी बाजू लावून धरली. म्हटलं, तिकडे वेगळा शेवट दाखवत असतील. आई म्हणाली, "हो, आणि तिकडे सूर्य पश्चिमेला उगवत असेल."

तेव्हा कबूल करतो. मी कुठल्याच सिनेमाचा शेवट बघत नाही. वर्ग सुटायच्या आत मला दारात हजर राहावं लागतं, आणि या लोकांना गोष्ट वेळेत आवरायची अक्कल नाही. हे नेमके उठायच्या वेळी रंगात येतात. आणि तुझी आई गाडीत बसल्याबसल्या, दार लावायच्या आत, "हं, सांगा." तिथे मी काय सांगू, की शेवट बॅटरीवाल्याला माहीत आहे? मग मी जोडतो. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तर हाताने चाक फिरवून जवळच्या मजल्याला आणतात, तसं मी गोष्टीला कुठल्या तरी मजल्याला लावून देतो. माणसं बाहेर पडली म्हणजे झालं.

त्यानंतर एक भुताचा पाहिला. भूत मध्यंतरापर्यंत आलंच नाही. मध्यंतरानंतर आलं तर ते इतकं रडकं, की मलाच त्याला पाणी द्यावंसं वाटलं. हिरो पडक्या बंगल्यात दिवा का लावत नाही, हे मला कोणीतरी सांगा. बटण दारापाशीच दिसत होतं. माझं मत: दोन माणसं घाबरली, त्यांतला एक मी, आणि तेही मागच्या रांगेतल्या बाईने किंकाळी फोडली म्हणून.

एक मुलांचा पाहिला. त्यात एक मुलगी घरातल्यांना न सांगता सायकल शिकते. तू आठवलीस. तू शिकलीस तेव्हाही आम्हाला कळलं ते तुझ्या गुडघ्यावरून. त्याचा शेवट मी आईला असा सांगितला की मुलगी शर्यतीत शेवटून दुसरी येते. पहिली आणली असती तर तिने पकडलं असतं.

फ्रॉक सोबत पाठवतोय. पिल्लूचं माप तू कळवलंस त्याबरहुकूमच आहे. आईने केलाय. पहिलाच आहे, तेव्हा नावं ठेवू नयेत.

तुझा,
बाबा

*खारू, नावाड्याचा खरा शेवट तू लिहिलास, तो मी वाचला आणि सोडून दिला. मला यांचाच बरा वाटतो. पुन्हा कधी खरा शेवट कळवू नकोस. फ्रॉकचं मागचं बटण जरा वाकडं झालंय, वयाने हात हलतो. आणि फोनवर तू सारखी "आई, कॅमेरा खाली कर" म्हणतेस. मला ते यंत्र कळत नाही गं. छत दिसतं ते बघ, रंग नवा आहे. मधेच बाही दिसली तर पूर्ण बाह्यांचे कपडे का घालतेस असं विचारलंस. थंडी. — आई*

६ मार्च

खारू,

हे पत्र मी टॉकीजच्या आवारातल्या चहाच्या टेबलावर बसून लिहितोय. आत सिनेमा चालू आहे. आज तिकीट काढलं नाही. बॅटरीवाला दोनदा विचारून गेला, बरं वाटत नाही का म्हणून. टेबल डुगडुगतं, म्हणून अक्षर असं आलंय. दुसरं काही समजू नकोस.

किंवा समज. तेच सांगायला बसलोय, तर उगाच टेबलाला कशाला नावं ठेवू.

आई शिवणाच्या वर्गाला जात नाही. टॉकीजच्या समोर शिवणाचा वर्गच नाही. समोर हॉस्पिटल आहे आणि दुसऱ्या मजल्यावर डायलिसिस करतात. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. पावसाळ्याच्या शेवटी पाय सुजायला लागले, आम्ही म्हटलं उभं राहून असेल. मग भूक गेली. मग तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा तिला यंत्राला जोडतात. नातेवाइकांना आत बसू देत नाहीत. सुरुवातीला मी जिन्यात बसायचो. एक दिवस सिस्टर म्हणाल्या, "काका, तुम्ही इथे बसून आजारी पडाल, समोर सिनेमा तरी बघा." अशी माझी रसिकता.

तिच्या डाव्या हाताच्या शिरेचं छोटं ऑपरेशन केलंय, सुया टोचण्यासाठी. तिथे तळवा ठेवला की आत मांजर गुरगुरल्यासारखं लागतं. पहिल्यांदा मी दचकून हात काढून घेतला. आता रात्री मीच शोधून ठेवतो. गुरगुर लागली की झोपतो. पूर्ण बाह्या त्यासाठी, थंडी नाही. छत त्यासाठी, कॅमेरा तिला उत्तम कळतो. फ्रॉक मी दुकानातून आणला आणि दुकानाच्या नावाची पट्टी उसवून काढली. आई म्हणाली, असा नवाकोरा गेला तर पोरगी ओळखेल. म्हणून मागचं एक बटण काढून तिने स्वतः पुन्हा लावलं. तेवढ्याला तिला अख्खी सकाळ लागली. तू लिहिलंस, बटण वाकडं आहे पण तेच सगळ्यांत छान आहे. ते वाक्य तिने दोनदा वाचलं.

आमचं जेवण अळणी असतं. पाणी मोजून प्यायचं. तिला तहान लागते, फार लागते, ती बर्फाचा एक खडा तोंडात धरून बसते आणि मी दुसऱ्या खोलीत जाऊन चोरासारखा पाणी पितो. सिनेमा सांगताना मी नद्या गाळतो. चहा गाळतो, पाऊस गाळतो. नावाड्याचा सिनेमा नदीशिवाय सांगून बघ म्हणजे माझी काय तारांबळ झाली ते कळेल. एका सिनेमात डॉक्टर होता, त्याला मी वकील केलं. ती म्हणाली, "वकील नाडी कशाला बघतो?" मी म्हटलं, हुशार वकील आहे.

माणसाची किडनी माणसाला लावतात, तुला ठाऊक असेल. माझी तपासली. माझी साखर आडवी आली. आयुष्यभर दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त केली आणि तिच्या कामाला येईल असा एकही सुटा भाग माझ्यात निघाला नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आणखी कोणी? भाऊ, बहीण, मुलं?"

आई म्हणाली, "भाऊबहिणी नाहीत. आणि आम्हाला मूलबाळ नाही."

मी शेजारच्या खुर्चीत होतो. खारू, तिने तुला एका वाक्यात पुसून टाकलं, इतक्या सहज, की जणू खरंच असावं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मी मान हलवली. हो म्हणून. बाहेर आल्यावर मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाली, "पिल्लू अजून तिच्या अंगावर पितंय. बाळंतपणात पोरीची काय दशा झाली ती मी बघितलीय, तुम्ही बाहेर फेऱ्या घालत होतात." मग घरी येऊन मला शपथ घातली. तुझीच. तू समोर नव्हतीस, म्हणून भिंतीवरच्या तुझ्या फोटोच्या डोक्यावर माझा हात ठेवून घेतला. फोटोवरची शपथ माणसाला लागते की नाही कोणाला विचारू? हे लिहिताना मधूनमधून तेही मनात येतंय. तू जरा जपून राहा.

यादीत तिचं नाव आहे. अनोळखी कोणाची मिळेल तेव्हा मिळेल. यादी पुढे सरकत नाही. आणि यंत्र तिला मानवत नाही. मधेच रक्तदाब पडतो, हातपाय वळतात. बाहेर येते तेव्हा तिचा रंग भिंतीसारखा असतो. तरी गाडीत बसल्याबसल्या, "हं, सांगा."

मागच्या आठवड्यात मी तिला एका विसरभोळ्या चोराची गोष्ट सांगितली. खूप हसली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "उन्हाळा झाला की आपण यायचं बंद करू या."

मी म्हटलं, "सिनेमाला?"

"दोन्हीकडे."

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. रागावलो. हात जोडले. पिल्लूचं नाव काढलं. ती म्हणाली, "ओरडू नका, टॅक्सीवाल्याला त्रास होतो." तिचं ठरलं की कसं ठरतं ते तुला माहीत आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात की त्यांनी समजावलं, पण हक्क तिचा आहे. सिस्टर म्हणतात, तुम्हीच सांगा काका. सगळे मला सांगायला सांगतात. आणि मी बोलायला लागलो की ती माझा सदरा नीट करते.

परवा तिला आत नेताना म्हणाली, "आज उठून येऊ नका. एकदा सबंध बघा. मला सिस्टर बाकावर बसवतील. मलाही कळू दे, खरा शेवट कसा असतो." मी नको म्हटलं. ती ऐकेना. म्हणून बसलो.

नवराबायकोचा सिनेमा होता. ती बोटीवर नोकरीला जाते आणि तो किनाऱ्यावर दिवस काढतो. बरा होता. रोजच्या वेळेला माझे पाय आपोआप उठले, बॅटरीवाल्यानेही बॅटरी लावून वाट दाखवली. मी परत बसलो. शेवटी बोट येते, सगळे उतरतात, ती उतरत नाही. तो थोडा वेळ उभा राहतो आणि घरी जाऊन कपडे वाळत घालतो. दिवे लागले. लोक जांभया देत उठले. मला वाटलं, एवढ्यासाठी?

बाहेर आलो तर आई रस्त्यापलीकडे बाकावर. तिने मला बघितलं नव्हतं. मांडीवर पिशवी, उजव्या हाताने डाव्या हातावरचा कापूस दाबून धरलेला. चप्पल एका पायातून निघाली होती, तिला कळलं नव्हतं. खारू, घरी तिचा चेहरा माझ्यासाठी असतो आणि फोनवरचा आवाज तुझ्यासाठी. त्या बाकावरचा चेहरा कोणासाठीच नव्हता. इतका थकलेला माणूस मी बघितलेला नाही. मला ओरडून हाक मारावीशी वाटली, मारली नाही. मी तिथेच उभा राहिलो. मग तिने मान वर केली, मला बघितलं, चप्पल शोधून पायात घातली, ताठ बसली आणि हसली. मी रस्ता ओलांडून गेलो.

"हं, सांगा."

मी म्हटलं, "ती परत आली."

"खोटं."

"हो."

"बरं केलंत," म्हणाली आणि उठण्यासाठी हात पुढे केला.

म्हणून शपथ मोडतोय. तुझी किडनी मागायला नाही. किंवा त्यासाठीही असेल, मला माझंच कळत नाही. एकीकडे ती आहे, एकीकडे तू, आणि तुझ्या अंगावर पिल्लू. तू ये असं लिहिलं की हात थांबतो, येऊ नकोस लिहिलं तरी थांबतो. दोन्ही खोडून बघितलं. मी बाप आहे आणि नवराही आहे, आणि दोन्हीकडून निकामी आहे. फक्त आपल्याला मूल नाही असं म्हणून ती गेली, आणि तुला ते नंतर कळलं, असं मला होऊ द्यायचं नाही. शेजारणीने दारात सांगावं, तुम्ही उशीर केलात, तसं. एवढंच मला नक्की कळतं.

आम्हाला कामावर पहिल्याच दिवशी शिकवायचे: लिफ्टमध्ये माणूस अडकला की आधी हत्यारं काढायची नाहीत, आधी हाक मारायची. त्याला सांगायचं, आम्ही इथे आहोत, तुम्ही दार ओढू नका. घाईने दार ओढणाराच पडतो. इतकी वर्षं मी बाहेरून ओरडलो. आता मी आत आहे. तूही दार ओढू नकोस, घाईने काही ठरवू नकोस, जावईबापूंशी बोल. पण हाक मार.

फोन करशीलच. आई उचलेल, कारण तो तिच्याच उशाशी असतो. लगेच रडू नकोस. आधी विचार, परवाचा सिनेमा कसा होता. ती सांगेल, बायको परत आली. तिला मध्ये टोकू नकोस, सगळं सांगू दे. मग तुला जे म्हणायचं ते म्हण. मला तिच्याशी जे बोलता आलं नाही ते तुला आलं तर बघ.

तिला यंत्रावरून सोडायची वेळ झाली, उठतो. हे पत्र घरी न नेता इथूनच पेटीत टाकीन.

सवयीने खाली तिच्या दोन ओळींची जागा सोडून बसलोय. ती तशीच कोरी येईल.

बाबा